ऐनावरच्या मुंग्या

पापड लाटायचा पाट शोधायला माळ्यावर चढले, तर पाट राहिला बाजूला आणि हाताला आकडी लागली. कमरेला दोरीने बांधून पाठीमागे कोयता अडकवायची, ती लाकडी आकडी. दोरी उंदरांनी खाल्ली होती. लाकूड मात्र तसंच, हात लागून लागून चिंचोक्यासारखं गुळगुळीत झालेलं. घरात कुणी नव्हतं, म्हणून नाकाशी धरून पाहिली. घाम, गोडं तेल आणि ऐनाच्या सालीचा तुरट वास. खरंच आला की मला नुसता भास झाला, कोण जाणे. पापड त्या दिवशी झाले नाहीत.

आकडी आबांची. आबा म्हणजे माझे सासरे.

मी गडबची. आमच्याकडे खाडीची खारट हवा, सपाट भातशेतं, आणि डोंगर म्हणजे लांबून बघायची निळी गोष्ट. लग्न होऊन रोह्याकडच्या या गावात आले तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. इथे डोंगर घराच्या पाठीलाच टेकलेला. सकाळी मागचं दार उघडलं की समोर डोंगर, जणू कुणी पाहुणा न सांगता येऊन बसलाय. मला पाहुण्यांची भारी लाज. लाज मला सगळ्याचीच होती. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथेही हजेरीला तोंडाने "हजर" न म्हणता नुसता हात वर करायचे. गुरुजी वहीत डोकं घालून हजेरी घ्यायचे. त्यामुळे रोज शाळेत जाऊनसुद्धा मी वर्षातले बरेच दिवस गैरहजर होते.

सासरी दोन घरं, मध्ये एक भिंत. भिंतीच्या अलीकडे आबा आणि आम्ही, पलीकडे आबांचे धाकटे भाऊ नाना आणि त्यांचं घर. शेतं दोघांनी तोंडी वाटून घेतलेली. घर भिंत घालून वाटलेलं. विहिरीवर दोघांचे वेगळे दोर. पण डोंगरावरची वरकस, भात न पिकणारी जमीन राहिली ती राहिलीच. सातबारावर अजून त्यांच्या वडिलांचं नाव, आणि ते तर देवाघरी जाऊन जुने झालेले. म्हणजे डोंगर दोघांचा होता. म्हणजे खरं तर कुणाचाच नव्हता, हे मला पुढे कळलं.

आता राब कुणी भाजत नाही, म्हणून लिहून ठेवते. भाताची रोपं करायची त्या तुकड्यावर आधी शेण पसरायचं. त्यावर ऐनाच्या वाळलेल्या टहाळ्या, त्यावर गवत आणि गळलेल्या पानांचा पातेरा, वर मातीचा हलका हात. मग वैशाखात ते पेटवून द्यायचं. तो राब. आणि त्या टहाळ्यांना म्हणायचं कवळ. त्या दिवसांत धूर सगळ्या गावावर घोंगडीसारखा पडून असायचा. वाळत घातलेल्या लुगड्यांना त्याचा वास, ताकाला त्याचा वास, मुलांच्या केसांना त्याचा वास. पहिल्या वर्षी मला मळमळायचं. आता रस्त्याकडेला कुणी पातेरा पेटवला तरी मी उगीच चाल हळू करते.

राबाला कवळ पाहिजे, आणि कवळ डोंगरावर. ऐनाची रीत अशी की एका वर्षी तोडला तर पुढचं वर्ष-दोन वर्षं त्याला श्वास घेऊ द्यायचा, आणि कधीही तोडला तरी शेंडा ठेवायचा. हे आबांना ठाऊक होतं, नानांनाही ठाऊक होतं. पण आबांनी शेंडा ठेवला की तो नाना तोडणार. नानांनी झाड सोडलं की त्यावर आबा चढणार. मग सोडायचं कुणासाठी? म्हणून दोघंही काही सोडत नसत. आमच्या डोंगरावरचे ऐन म्हणजे नुसते खांब, वर एखादा तुरा राहिलेला. गडबहून माझा भाऊ पहिल्यांदा आला, तो लांबून बघून म्हणाला, "अक्का, तुमच्याकडे लाइटीचे पोल लय गो!"

आधी माघात कवळ तोडायचे म्हणे. मग एका वर्षी नाना पौषात गेले. पुढच्या वर्षी आबा मार्गशीर्षात. मी आले तेव्हा दिवाळीचे दिवे विझले की लगेच चढायचे, भात अजून खळ्यावर असायचं. कोण आधी जातो याचीच सगळी धडपड. कान सदा भिंतीला. कारण चढायच्या आधी कोयत्याला धार लावावी लागते, आणि दगडावर कोयता घासल्याचा आवाज भिंतीपलीकडे जातोच. खर्र, खर्र, मध्ये पाणी शिंपडायची शांतता, पुन्हा खर्र. तो आवाज आला की आमच्या घरात भाकरी अर्धी थापलेली राहायची.

नाना हुशार. ते रेडिओ मोठा लावून धार काढायला लागले. आबा त्याहून हुशार. नानांकडे बातम्या मोठ्याने लागल्या की आबा कोयता शोधायला उठायचे.

एकदा नवरात्र अजून संपायचं होतं. ओढ्याला पाणी होतं, भात पोटरीत होतं, लोंबी बाहेर पडायची होती, कवळ तोडायचा कुणाच्या स्वप्नातही विचार नव्हता. दुपारी नानांकडे रेडिओ मोठ्याने सुरू झाला. आबा जेवत होते. ताट सरकवलं, आकडी कमरेला बांधली आणि धावत सुटले. त्यांच्यामागे सासूबाई, त्यांच्यामागे दोरखंड घेऊन मी. नानांनी खिडकीतून हे पाहिलं. ते उघड्या अंगाने कोयता घेऊन निघाले, त्यांच्यामागे त्यांचं घर. कमरेएवढ्या गवतातून सगळे वर पोचलो तेव्हा कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. धापा टाकत आबांनी विचारलं, "तू कशाला आलास रे?"

"तू आलास म्हणून."

"मी तर तुझा रेडिओ ऐकून आलो."

"भजन लागलं व्हतं. ऐकू येत नाय नीट, म्हणून मोठा केला."

दोघांनी तोंडावरचा घाम पुसला. मग आबा म्हणाले, "आता आलोच हाय तर..." आणि दोघांनी दोन बाजूंनी तोडायला सुरुवात केली. ओला, कोवळा, हिरवागार पाला. भारे एवढे जड की माझी मान आठवडाभर वळत नव्हती.

त्याच दिवशी माझी कुंदाशी खरी गाठ पडली. कुंदा म्हणजे नानांची सून, माझी चुलत जाऊ. माहेर नागोठण्याचं. माझ्या आधी वर्षभर या घरात आलेली, बोलायला अशी की तिच्यापुढे नानांचा रेडिओ हळू वाटावा. आमचे दोघींचे नवरे कंपनीत शिफ्टला जायचे, म्हणून डोंगराचं काम म्हाताऱ्यांच्या आणि आमच्याच डोक्यावर. घरी आम्ही दोघी बोललो तर दोन्हीकडच्या सासवांना वाटायचं, बातमी फुटते. डोंगरावर मात्र कोण कुणाकडे बघतंय!

वर पाणवठ्याच्या अंगाला एक ऐन होता. अडचणीचा, कपारीला लागून, म्हणून राहून गेलेला. साल सुसरीच्या पाठीसारखी. पानाच्या मागे देठाशी दोन बारीक गाठी. कुंदा म्हणायची, "ऐनाचे डोळे हायत ते, कोण तोडतो ते बघून ठेवतो." सगळ्या डोंगरावर सावली म्हणावी अशी तेवढीच. भारे बांधून झाले की आम्ही दोघी गुपचूप तिथे जायचो. ती तिच्या घरची भाकरी आणायची, मी माझ्या. बदलून खायचो. मी तिच्याशी बोलायचे. खरंच बोलायचे, अगदी मोठ्याने. माझा आवाज कसा आहे ते मला त्या ऐनाखाली कळलं.

पुढच्याच वर्षी आबांची नजर त्या झाडावर गेली. आकडी सावरत ते बुंध्याशी आले, एक पाय कपारीत रोवला. मी मागे दोर घेऊन उभी. लग्न झाल्यापासून आबांसमोर माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं. काय झालं कळलं नाही, पण निघालं.

"मुंग्या!"

आबांनी मागे वळून पाहिलं. मुंग्यांपेक्षा मी बोलले याचाच त्यांना धक्का बसला असावा. त्यांनी पाय काढून घेतला. संध्याकाळी ओटीवर बसून सगळ्यांना सांगत होते, "त्या ऐनावर लाल मुंग्यांची घरटी हायत. सून बोलली. ती कधी बोलते काय? मग खोटं बोलाया कशाला तोंड उघडील?"

कुंदानेही नानांना तेच सांगितलं. तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. पण आबांची सून बोलली हे भिंतीपलीकडे पोचलं, आणि नानांनीही त्या झाडाचा नाद सोडला. खरं तर तिथे मुंगी एकसुद्धा नव्हती. तीन वर्षं तो ऐन आमच्या खोटेपणावर वाढला. फांद्या पसरल्या. फुलोरा यायचा, त्याचा वास काही फार चांगला नसतो, पण आम्हाला तो कौतुकाचा वाटायचा.

बाकी डोंगर मात्र उघडा पडत चालला. कवळ पुरेना. राब अर्धवट जळायचा, रोपं पिवळी निघायची. शेवटी एका संध्याकाळी आबा भिंतीजवळ उभे राहून मोठ्याने म्हणाले, "नाना, डोंगर वाटून घेऊ." पलीकडून लगेच आवाज आला, "मी तेच बोलणार व्हतो." कित्येक वर्षांत दोघांचं एका गोष्टीवर जमलं, ते वेगळं होण्यावर.

रोह्याला अर्ज गेला. माघात मोजणीवाला यायचा ठरला. आणि मोजणीच्या आदल्या सकाळी चहा पिता पिता आबा म्हणाले, "तो मोठा ऐन उद्या पहाटे काढून घेतो. नानाशी बोलणं झालंय. मोजणीत कुणाच्या वाट्याला गेला तर उगा भांडण. लाकूड निम्मं, कवळ निम्मा. मुंग्यांना खाली धूर करू."

मी कपबशी उचलून आत गेले. ऐन तर जाणारच, आणि वर चढल्यावर आबांना दिसणार की तिथे एकही मुंगी नाही. मी आयुष्यात सासऱ्यासमोर एकच शब्द बोलले होते आणि तो खोटा होता.

पाणी भरायला गेले तर विहिरीवर कुंदा होतीच. मला वाटलं ती म्हणेल, आता कबूल करू. ती म्हणाली, "झाडावर मुंग्या पायजेत ना? मग नेऊन ठेवू."

देवळामागच्या आंब्यावर लाल मुंग्यांची घरटी होती. पानं एकमेकांना शिवून केलेले चेंडू. भर दुपारी गाव जेवून आडवं झालं तेव्हा आम्ही तिथे गेलो. कुंदाने कोयत्याने दोन डहाळ्या छाटल्या, मी खताची रिकामी गोणी धरली. तोंड सुंभाने आवळलं. गोणी माझ्या डोक्यावर. का, तर कुंदा म्हणाली, "कोण भेटला तर बोलाया मी मोकळी नको?" मला ते पटलंसुद्धा.

ओढ्याच्या वळणावर नाना भेटले.

"कुठं चाल्लाव गो दोघी?"

"राबाला पातेरा टाकाया," कुंदा म्हणाली.

"कुठला पातेरा? आमच्या बाजूचा का आबाच्या? उद्या मोजणी हाय. आज पातेरा हलवायचा नाय कुणी. बघू, सोड गोणी."

"देवळामागचा हाय ओ! देवाचा! तो काय मोजणीत येतो?"

नानांनी विचार केला. देवाचा पातेरा मोजणीत येत नाही हे त्यांना मान्य झालं. पण ते वाटेतून हलेनात. उद्याच्या मोजणीबद्दल बोलायला त्यांना कुणीतरी हवंच होतं. गोणीच्या विणीतून पहिली मुंगी बाहेर आली, ती माझ्या कानावर. दुसरी मानेवर. मग चोळीच्या आत. हात वर करावा तर गोणी पडणार, ओरडावं तर सगळंच पडणार. मी मान खाली घालून उभी. लाल मुंगी चावते म्हणजे नुसती चावत नाही, चावून मागचा भाग वळवून त्या जागी तिखट सोडते. माझ्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या.

नाना बोलता बोलता थांबले. माझ्याकडे बघत राहिले.

"कुंदे, हिच्याकडनं शिक. थोरल्यांसमोर मान वर नाय, तोंडातनं शबूद नाय. आणि डोळ्यांतलं पाणी बघ. डोंगर वाटतोय म्हणून जीव तुटतोय पोरीचा." मग ते डोंगराकडे वळले. "लहानपणी आमी दोघं भाऊ एकाच भाकरीवर त्या डोंगरावर गुरं राखलेली गो."

उपरण्याला डोळे पुसत ते निघून गेले. ते वळण ओलांडेपर्यंत मी हलले नाही. मग गोणी टाकली आणि ओढ्यात उरलेल्या डबक्यात साडीसकट बसले. कुंदा हसून हसून दगडावर आडवी पडली होती. तेवढ्यात एक मुंगी तिलाही चावली, तेव्हा मला बरं वाटलं.

लांब बांबूच्या टोकाने दोन्ही डहाळ्या ऐनाच्या बेचक्यात अडकवल्या आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे ऐन तोडायचा होता. पण आबा वाट बघत राहिले की नाना आधी निघतात का, आणि नाना वाट बघत राहिले की आबा निघतात का. जुनी सवय. दोघं एकमेकांच्या आवाजाकडे कान लावून बसले आणि ऊन वर आलं. तोवर मोजणीवाले साहेब साखळी आणि तिपाईवर मांडायची फळी घेऊन दारात हजर. डोंगरावर पोचल्यावर साहेबांनी सावली शोधली. सावली एकच. त्यांनी ऐनाखाली फळी मांडली, वर कागद लावला, टोपी काढली.

"साहेब, तुमी करा तुमचं, मी वर जाऊन येतो," म्हणून आबा कोयता घेऊन चढले.

बेचक्यापर्यंत पोचले, आणि नंतर जे उतरले ते चढण्यापेक्षा चौपट वेगाने. उतरताना डहाळी हलली. फळीवर, कागदावर, साहेबांच्या मोकळ्या टाळूवर लाल पाऊस पडला. साहेब आधी फळीभोवती नाचले, मग फळी सोडून नाचले. नाना उपरण्याने त्यांना झोडपत होते, मुंग्यांसाठी. आबा लांब उभे राहून मांड्या चोळत सगळ्यांना अभिमानाने सांगत होते, "सून बोलली व्हती! तीन वर्षांमागं बोलली व्हती!"

सगळं शांत झाल्यावर साहेबांनी लांबूनच कागदाकडे पाहिलं, साखळीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "रेषा बुंध्यातून जाते. झाड हद्दीवर आहे. हद्दीवरचं झाड दोघांचं. दोघांच्या सहीशिवाय याला कुणी हात लावायचा नाही. आणि मी काही पुन्हा मोजायला येणार नाही."

कुंदा माझ्या कानाशी म्हणाली, "मुंग्यांनी साहेबाला कायदा शिकवला."

हद्दीचे दगड पुरले आणि आमचे आबा बदलले. ज्या माणसाने डोंगरावर हिरवं पान ठेवलं नव्हतं, तो आता आपल्या बाजूचे ऐन नावाने ओळखायला लागला. हा लंगडा, हा वरातीतला, हा रुसलेला. यंदा यांना सुट्टी, पुढच्या साली त्यांना. शेंडा तर देवाच्या कळसासारखा राखायचे. शेळी दिसली की खालून शिव्या. नानांचंही तेच. चार-पाच पावसाळ्यांत खांबांची झाडं झाली. मग भांडण कुणाचे ऐन दाट यावर. आबा भिंतीजवळ उभे राहून माझ्या सासूबाईंना उगीच मोठ्याने सांगायचे, "यंदा आपल्या बाजूला मोर आलाय!"

सगळं चांगलंच झालं. पण भिंतीपलीकडचा कोयत्याचा आवाज मला पुन्हा कधी ऐकू आला नाही, म्हणजे यायचा, पण आता त्याने कुणी उठत नसे. नानांचा रेडिओ नुसता रेडिओ झाला. ते त्यांच्या सवडीने डोंगरावर जायचे, आम्ही आमच्या. कुंदाची आणि माझी वेळ जमेनाशी झाली. ऐनाखाली कधी तिची भाकरी खाल्ल्याच्या खुणा सापडायच्या, कांद्याची साल नाहीतर मिठाची पुडी. मीही काहीतरी ठेवून यायचे. मग रोपांना पिशवीतलं खत आलं, राब बंद झाले. आबा गेले, नाना गेले. कुंदा रोह्याशेजारी वरसे गावात ब्लॉकमध्ये राहायला गेली.

आकडी सापडली त्या संध्याकाळी तिचाच फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "माझा धाकटा लेक विचारत व्हता. आमच्या बाजूची जागा साफ करायची म्हणतो. तो हद्दीवरचा ऐन काढाया तुझी सही लागंल का."

माझ्या हातात आकडी होती. मी विचारलं, "मग तू काय बोललीस?"

"काय बोलणार? मी बोलले, हात लावू नको, मुंग्या हायत."

फोनवर आम्ही दोघी किती वेळ हसलो. पण रात्री मला वाटत राहिलं, मुलगा आजचा आहे, तो वर जाऊन बघेल. आणि आता माझ्याने गोणी उचलवणार नाही.

सकाळी आकडीला नवी दोरी ओवली, कमरेला बांधली, कोयता न घेताच. गुडघे धरत धरत वर गेले. दोन्ही बाजूंचं रान आता एवढं दाटलंय की हद्दीचा दगड शोधावा लागतो. ऐन मात्र लांबून दिसतो. बुंध्याला मिठी मारली तर माझे हात पोचत नाहीत. खाली बसले, भाकरी सोडली, अर्धी मोडून बाजूला ठेवली.

वर पाहिलं तर पानं शिवलेला एक चेंडू. शेजारी दुसरा. मग मोजायचं सोडून दिलं. आम्ही आणून टाकलेल्या त्या दोन डहाळ्यांतल्यांची नातवंडं-पतवंडं असतील, नाहीतर आपली आपण आली असतील. त्यांना काय ठाऊक!

एक मुंगी मानेवर उतरली आणि चावली. हात रिकामे होते. डोक्यावर गोणी नव्हती, ओरडले असते तरी ऐकायला कुणी नव्हतं. तरी मी मान खाली घातली आणि तशीच बसून राहिले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वाटलं, आता वळणावरून नाना येतील आणि कुंदाला म्हणतील, हिच्याकडनं शिक.